पाहुण्याला शिडी, घरच्या पोराला भिंत

मंडळी, पुण्यात शिकायला येणाऱ्या परदेशी मुलांसाठी इंग्रजीचे खास वर्ग असतात, हे तुमच्यापैकी पुणेकरांना नवीन नाही. इराण, येमेन, सुदान, अफगाणिस्तान अशा देशांतली मुलं गेली कित्येक वर्षं तिथे येत आहेत. फर्ग्युसन रस्त्यावर, कॅम्पात, विद्यापीठाच्या आवारात ती सहज दिसतात. त्यांच्यातल्या पुष्कळांचं बारावीपर्यंतचं शिक्षण अरबी किंवा फारसीतून झालेलं असतं. इथे आल्यावर बी.कॉम. किंवा बी.एस्सी. करायचं ते इंग्रजीतून. मग काय करतात? आधी त्यांची चाचणी घेतात. कुणाला किती येतं ते पाहून गट पाडतात. काही आठवडे, काही महिने नुसतं इंग्रजी शिकवतात. व्याख्यान कसं ऐकायचं, टिपणं कशी काढायची, परीक्षेतल्या प्रश्नाचा रोख कसा ओळखायचा, इथपासून सगळं. मगच त्याला मुख्य वर्गात सोडतात.

यात मला काही वावगं वाटत नाही. उलट फार चांगली गोष्ट आहे. सिंबायोसिस या संस्थेचा जन्मच परदेशी विद्यार्थ्यांविषयीच्या कळवळ्यातून झाला, ही कथा बहुतेकांना ठाऊक असेल. डॉ. शां. ब. मुजुमदार तेव्हा फर्ग्युसनमध्ये वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक आणि वसतिगृहाचे रेक्टर होते. एक मुलगी खिडकीतून कुणाला तरी जेवण देते आहे असं त्यांना दिसलं. चौकशी केली तर आत मॉरिशसचा मुलगा काविळीने आजारी पडलेला. परक्या देशात त्याचं पाहणारं कुणी नाही. त्यातून १९७१ साली सिंबायोसिस उभं राहिलं. पुढे त्यांनी इंग्रजी शिकवणारी स्वतंत्र संस्थाही काढली, एल्टिस नावाची. भाषा न येणं हा आजारपणासारखाच एकटं पाडणारा प्रकार आहे, हे ज्यांनी ओळखलं त्यांना माझा नमस्कार.

सरकारही यात मागे नाही. हैदराबादची इंग्रजीची केंद्रीय संस्था १९५८ साली स्थापन झाली, २००७ साली तिचं केंद्रीय विद्यापीठ झालं. ती परदेशी अधिकाऱ्यांना आणि शिक्षकांना इंग्रजी शिकवते. कंबोडिया, लाओस, व्हिएतनामसारख्या देशांत भारत सरकारच्या मदतीने इंग्रजी शिकवण्याची केंद्रं उभारण्याचं कामही तिने केलं. म्हणजे इंग्रजी न येणाऱ्या प्रौढ माणसाला थोड्या काळात कामापुरतं इंग्रजी कसं शिकवावं, ही विद्या आपल्या देशात आहे, चांगली मुरलेली आहे, आणि आपण ती इतर देशांनाही देतो.

आता तुम्ही म्हणाल, बाई, हे सगळं तुम्ही न्हावा-शेव्यात बसून का सांगताय? तर सांगते. आमच्या उरण तालुक्यातला मराठी शाळेतून आलेला मुलगा ज्या दिवशी कॉलेजच्या पहिल्या वर्षाच्या वर्गात जाऊन बसतो, त्या दिवशी त्याची अवस्था त्या येमेनच्या मुलाहून रतीभरही वेगळी नसते. बारावीपर्यंत सगळं मराठीतून, आणि जूनमध्ये एकाएकी सगळं इंग्रजीतून. फरक इतकाच की येमेनच्या मुलासाठी चाचणी असते, गट असतो, शिक्षक असतो. आमच्या मुलासाठी असतो शेवटचा बाक. आणि एक वाक्य असतं, "तुमचं इंग्रजी वीक आहे."

दोघांची अडचण एकच. पण पाहुण्याच्या बाबतीत आपण तिला 'गरज' म्हणतो आणि घरच्या पोराच्या बाबतीत 'कमतरता' म्हणतो. गरज असली की कॉलेज काहीतरी करतं. कमतरता असली की पोराने स्वतःच खाली मान घालायची. माझं सगळं भांडण या दोन शब्दांशी आहे.

मी तीसेक वर्षं मराठी शाळेत शिकवलं. माझ्या हाताखालून गेलेल्या मुलांना किती येत होतं ते मला पक्कं ठाऊक आहे. वाणिज्य शाखेच्या मुलाला 'घसारा' म्हणजे काय ते उत्तम समजलेलं असतं. यंत्र जुनं होतं, त्याची किंमत दरवर्षी घटते, ती खर्चात कशी धरायची, हे तो पाटीवर मांडून दाखवेल. कॉलेजात सर 'डेप्रिसिएशन' म्हणतात आणि त्याला वाटतं, हे काहीतरी नवीनच आहे, आपल्याला येत नाही. 'ताळेबंद' त्याला येतो, 'बॅलन्स शीट' येत नाही. विज्ञानाच्या मुलीला 'संपृक्त द्रावण' कळतं, 'सॅच्युरेटेड सोल्युशन' ऐकलं की ती गप्प. ज्ञान डोक्यात आहे, फक्त डब्यावरची चिठ्ठी बदलली आहे. ही चिठ्ठी बदलून द्यायला किती दिवस लागतात हो? पण ते काम कुणाचंच नाही. शाळा म्हणते आमचं संपलं, कॉलेज म्हणतं आमचं सुरू झालं.

त्यात आमच्या आगरी-कोळी मुलांची आणखी एक गंमत. घरी आगरी बोली, शाळेत पुस्तकी मराठी, कॉलेजात इंग्रजी. म्हणजे त्याने एक उंबरठा आधीच ओलांडलेला असतो, तोही कुणाच्या मदतीशिवाय. पण त्याची नोंद कुठल्याच गुणपत्रिकेत नाही. दहावीला ऐंशीच्या वर टक्के मिळवलेला माझा एक विद्यार्थी. पुढे बारावी झाली आणि कॉलेजात गेला. दिवाळीच्या आधी भेटला तेव्हा म्हणाला, "बाई, मना काहीच समजत नाय." दिवाळीनंतर तो कॉलेजात गेलाच नाही. आज कंटेनर यार्डात आहे. काम वाईट नाही, घर चालतं. पण मिळालेल्या पोटापाण्यावर समाधान मानणं वेगळं आणि दार बंद झाल्यामुळे तिथे थांबावं लागणं वेगळं.

हे दार कधी बांधलं गेलं ते पाहायचं तर थेट १८५४ सालापर्यंत मागे जावं लागतं. वुडच्या खलित्यात शिक्षणाची वाटणी झाली. खाली देशी भाषा, वर इंग्रजी. त्यानंतर तीन वर्षांनी मुंबई विद्यापीठ निघालं. तेव्हापासून शिक्षणाचे दोन मजले आहेत आणि मधल्या जिन्याची जबाबदारी कुणाकडेच नाही. ज्यांच्या घरी इंग्रजी होतं ते दोर टाकून वर गेले. बाकीचे खालीच राहिले. पावणेदोनशे वर्षं होत आली, देश स्वतंत्र झाला, राज्य मराठी माणसाचं झालं, पण जिना काही कुणी बांधला नाही.

यावर जी उत्तरं मिळतात ती मला पाठ झाली आहेत. एकेक घेते.

पहिलं उत्तर, "परदेशी मुलं जादा फी भरतात, म्हणून त्यांना सोयी मिळतात." निदान हे प्रामाणिक उत्तर आहे. पण मग कॉलेजांनी तसं स्पष्ट लिहावं, की भाषेची शिडी विकत मिळेल, दर अमुक अमुक. अनुदानित कॉलेज जनतेच्या पैशावर चालतं. जनता म्हणजे या मुलांचे आईबाप. आणि संख्या पाहा. केंद्र सरकारच्या उच्च शिक्षण सर्वेक्षणानुसार २०२१-२२ मध्ये देशभरात परदेशी विद्यार्थी होते सुमारे ४७ हजार. एकूण विद्यार्थी होते सुमारे ४ कोटी ३३ लाख. त्या ४७ हजारांसाठी जे सुचलं ते कोट्यवधींच्या बाबतीत सुचू नये?

दुसरं उत्तर, "अहो, पण आपली मुलं शाळेत इंग्रजी शिकलेली असतात ना!" हो, असतात. महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे. पण येमेनच्या आणि इराणच्या शाळांतही इंग्रजी हा विषय असतोच की. विषय म्हणून इंग्रजी शिकणं म्हणजे कविता, पत्रलेखन, रिकाम्या जागा भरा. त्यात अर्थशास्त्रावरचं पाऊण तासाचं व्याख्यान इंग्रजीतून ऐकायची सवय कुठे लागते? पोहण्याचं पुस्तक बारा वर्षं वाचलं म्हणून कुणी थेट खाडीत ढकलत नाही.

तिसरं उत्तर, "मग पहिल्यापासून इंग्रजी माध्यमात घालायचं." हे उत्तर सगळ्यात घातक आहे, कारण आमच्या गावोगावच्या आईबापांनी ते मनावर घेतलं आहे. त्यांना मी दोष देत नाही. पुढे कॉलेजात पोर बुडणार हे त्यांनी शेजारच्या घरात पाहिलेलं असतं. म्हणून पाच वर्षांच्या पोराला ते अशा शाळेत घालतात जिथे शिकवणाऱ्या मुलीचंच इंग्रजी कच्चं असतं आणि पगार तर विचारूच नका. पोराचं मराठी जातं आणि इंग्रजी येत नाही. मुलाला सुरुवातीला त्याच्या भाषेतून शिकवावं हे युनेस्कोने १९५३ सालीच सांगितलं आहे. आपण मात्र अठराव्या वर्षीची सहा महिन्यांची अडचण टाळण्यासाठी पाचव्या वर्षापासूनची बारा-तेरा वर्षं खर्ची घालतो. मराठी शाळा ओस पडतात म्हणून आपण गळा काढतो. माझं म्हणणं असं की, मराठी शाळा वाचवायची एक किल्ली कॉलेजच्या पहिल्या वर्षात आहे. मराठी शाळेतून गेलेला मुलगा कॉलेजात बुडत नाही हे दहा घरांनी डोळ्यांनी पाहिलं, की अकरावं घर आपोआप मराठी शाळेचा विचार करील.

चौथं उत्तर माझ्याच बाजूच्या लोकांचं, "सगळं उच्च शिक्षणच मराठीतून द्या." माझी काही हरकत नाही. २०२१ पासून अभियांत्रिकीसुद्धा भारतीय भाषांतून शिकवायला परवानगी मिळाली आहे. जरूर शिकवा, पुस्तकं लिहा. पण ती व्हायला पंचवीस वर्षं लागतील. यंदा जूनमध्ये जो मुलगा वर्गात बसणार आहे त्याला काय सांगू? थांब बाळा, पुस्तकं छापून येताहेत?

दुसऱ्या देशांनी काय केलं ते पाहा. तुर्कस्तानात अंकाराला एक मोठं तंत्र विद्यापीठ आहे, १९५६ साली स्थापन झालेलं. तिथे शिकवतात इंग्रजीतून. पण तुर्की माध्यमातून आलेल्या तिथल्या मुलाला इंग्रजीची चाचणी उत्तीर्ण होता आली नाही, तर त्याला वर्षभर तयारीच्या वर्गात बसवतात. आपल्याच मुलाला, आपल्याच देशात! त्यात कुणाला लाज वाटत नाही. ओमानमध्ये सुलतान काबूस विद्यापीठ १९८६ साली सुरू झालं. विज्ञानशाखा इंग्रजीतून आणि शाळा अरबीतून, म्हणून तिथे ओमानी मुलांसाठी पायाभूत अभ्यासक्रम आहे. आपल्या कोकणातली किती माणसं मस्कतला राहून आली! तिथून पुष्कळ काही आणलं, ही एक गोष्ट मात्र आणायची राहिली.

इतक्या दूर तरी कशाला जायचं? माझ्या घरापासून थोड्याच अंतरावर बंदर आहे. न्हाव्यात 'रहमान' हे दर्यावर्दी घडवणारं जुनं प्रशिक्षण केंद्र आहे, सर मोहम्मद युसुफ यांनी गेल्या शतकाच्या सुरुवातीला उभं केलेलं. जहाजावर फिलिपिनो, चिनी, युक्रेनी, भारतीय अशी सगळी माणसं एकत्र असतात. त्यांची भाषा एक नाही. मग आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने २००१ साली जहाजावरच्या बोलण्यासाठी इंग्रजी वाक्यांचा एक ठरावीक संच मान्य केला. बोलायच्या आधी 'प्रश्न', 'सूचना', 'इशारा' असं इंग्रजीत सांगायचं आणि मग वाक्य. एकशे पन्नास म्हणायचं नाही, 'एक, पाच, शून्य' असं सुटं म्हणायचं. गैरसमज होऊन जहाज जहाजावर आदळू नये म्हणून ही सगळी काळजी. तिथे कुणी कुणाच्या उच्चारांना हसत बसत नाही. इंग्रजी हे तिथे दोरखंडासारखं, होकायंत्रासारखं एक साधन आहे, आणि साधन शिकवावं लागतं हे सगळ्यांना मान्य आहे. कॉलेजात मात्र तेच इंग्रजी पोराच्या कुळाची परीक्षा होऊन बसतं. जहाज बुडालं तर चौकशी होते, कॉलेजात पोरगं बुडालं तर 'ड्रॉपआउट' असा शिक्का मारून मोकळे.

या गोष्टीला आमच्या भागात आणखी धार आहे. १९७० पासून सिडकोसाठी ९५ गावांच्या जमिनी गेल्या. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली शेतकरी रस्त्यावर उतरले, जासई-दास्तान फाटा परिसरात गोळीबार झाला, पाच माणसं गेली. त्या लढ्यातून साडेबारा टक्के विकसित भूखंडांचं धोरण आलं. १९८९ साली बंदर सुरू झालं. शेवा गाव उठलं. जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू झाला, ऑक्टोबर २०२५ मध्ये विमानतळाचं उद्घाटन झालं. आणि जून २०२५ मध्ये पाच परदेशी विद्यापीठांना नवी मुंबईत येण्यासाठी इरादापत्रं दिली गेली. त्यात अ‍ॅबर्डीन आहे, यॉर्क आहे, अमेरिकेतलं, ऑस्ट्रेलियातलं, इटलीतलं अशी एकेक आहेत. विमानतळाजवळ शिक्षणनगरी होणार म्हणतात. छान आहे. पण ज्यांच्या भातशेतीवर आणि मिठागरांवर हे सगळं उभं राहतं आहे, त्यांची नातवंडं त्या इमारतींत कुठल्या दाराने जाणार? विद्यार्थ्याच्या की वॉचमनच्या? जमीन गेली तिचा मोबदला साडेबारा टक्क्यांत मोजता आला. भाषेपायी जी पिढी बाहेर राहील तिचा मोबदला कशात मोजणार?

२०२५ च्या एप्रिल ते जूनमध्ये पहिलीपासून तिसरी भाषा हवी की नको यावर सगळं राज्य भांडलं. शेवटी २९ जूनला दोन्ही शासन निर्णय रद्द झाले. ते भांडण योग्यच होतं, मीही मराठीच्याच बाजूने होते. पण ज्या दुसऱ्या भाषेपायी दरवर्षी मुलं कॉलेज सोडतात, तिच्यासाठी एक मोर्चा सोडा, एक साधं निवेदनसुद्धा माझ्या पाहण्यात आलं नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात दर्जा मिळाला, तेव्हा आपण पेढे वाटले. अभिजात भाषेतून बारावी झालेला मुलगा तेराव्या वर्षी मुका होतो, त्याचं काय?

नुसती टीका करून थांबणं शिक्षकाला शोभत नाही, म्हणून मागण्या लिहिते. एक, कॉलेजात प्रवेश घेताना प्रत्येकाची इंग्रजीची साधी चाचणी घ्या. तिचे गुण कुठेही लागू नयेत, फक्त गट पाडायला वापरावेत. दोन, पहिल्या सत्रात ज्यांना गरज आहे त्यांना रोज दोन तास इंग्रजी, पंचवीस जणांच्या तुकडीत. आत्ता नव्या धोरणात दोन-दोन क्रेडिटचे भाषेचे विषय आहेत, पण शंभर मुलांच्या वर्गात फळ्यावर लिहून भाषा येत नाही. तीन, प्रत्येक विषयाची मराठी-इंग्रजी शब्दांची चार पानांची यादी पहिल्याच दिवशी हातात द्या. राज्याचं भाषा संचालनालय १९६० पासून आहे, त्याचे परिभाषा कोश जालावर फुकट पाहायला मिळतात. घसारा ते डेप्रिसिएशन हा प्रवास एका ओळीचा आहे. चार, पहिल्या सत्राच्या परीक्षेत मराठीतून उत्तर लिहायची मुभा जिथे आहे तिथे मुलांना ती ठळकपणे सांगा, लपवू नका.

आणि पाचवी मागणी मला सगळ्यात प्रिय आहे. जिथे परदेशी मुलांसाठी इंग्रजीचे वर्ग आहेत, तिथे आपली मुलंही त्याच वर्गात बसवा. सुदानचा मुलगा आणि उरणचा मुलगा एकाच बाकावर. दोघंही अडखळतील, दोघंही एकमेकांना सांभाळून घेतील. आमच्या मुलाला कळेल की इंग्रजी न येणं हा त्याच्या गावाचा, जातीचा, शाळेचा दोष नाही, जगात कोट्यवधी हुशार माणसांना ते येत नाही. आणि त्या सुदानच्या मुलाला चार शब्द मराठीही येतील, जे आज पुण्यात पाच वर्षं काढूनही त्याला कुणी शिकवत नाही.

पैसा कुठून आणायचा, हा शेवटचा प्रश्न. आमच्या भागात तरी तो विचारू नये. बंदर, गोदामं, कंटेनर यार्डं, शिपिंग कंपन्या यांच्या सामाजिक निधीतून शाळांना संगणक आणि पाण्याच्या टाक्या मिळतात, त्यांवर पाट्या लागतात. सहा महिन्यांच्या भाषावर्गाला पाटी लावता येत नाही, एवढीच अडचण. पण त्याच कंपन्यांना बिल ऑफ लेडिंग वाचणारी, कस्टमची कागदपत्रं भरणारी स्थानिक मुलं मिळत नाहीत म्हणून त्या बाहेरून आणतात, आणि मग स्थानिक विरुद्ध बाहेरचे असा वाद पेटतो.

असो. नातेवाईक मंडळींपैकी आणि इथल्या नेहमीच्या वाचकांपैकी निदान सात-आठ जण कॉलेजात शिकवतात, हे मला ठाऊक आहे. त्यांना वैयक्तिक पत्र लिहिण्याऐवजी हेच पत्र समजावं. विद्यापीठाच्या परिपत्रकाची वाट पाहू नका. येत्या जूनमध्ये आपल्या विषयाची चार पानांची शब्दयादी तेवढी करा आणि पहिल्या दिवशी शेवटच्या बाकापासून वाटायला सुरुवात करा. वाणिज्य शाखेची यादी मी माझ्या जुन्या विद्यार्थ्यांच्या मदतीने करायला घेतली आहे. तयार झाली की इथेच देईन. ज्यांना तपासायला वेळ असेल त्यांनी जरूर कळवावं.